टीबीच्या रुग्णाला दरमहा १००० रुपये: नोंद कुठे होते, कागद कोणते लागतात, पैसे कुठे अडतात

दवाखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टीबीची माहिती टाकली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी हळूच विचारतं, "डॉक्टर, आम्ही खासगीत औषध घेतोय. ते पोषणाचे पैसे आम्हाला मिळतात का?"

मिळतात. नि-क्षय पोषण योजनेत सरकारी रुग्ण आणि खासगी रुग्ण असा भेद नाही. रेशनकार्ड पिवळं, केशरी की पांढरं, हे कुणी विचारत नाही. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, वयाची अट नाही. टीबी फुप्फुसाचा असो, मानेच्या गाठींचा असो की मणक्याचा, रुग्ण पात्र आहे. लहान मूल असलं तरी पात्र आहे. अट एवढीच, की रुग्णाची नोंद केंद्र सरकारच्या 'नि-क्षय' पोर्टलवर झालेली हवी आणि उपचार चालू हवेत.

म्हणून हे सगळं लिहितोय ते एका गोष्टीसाठी: नोंद. ती झाली की तपासण्या, औषधं, पैसे, घरच्यांची तपासणी हे सगळं तिच्यामागोमाग येतं. ती झाली नाही, तर औषध घेऊन बरा झालेला माणूसही सरकारदरबारी रुग्ण म्हणून कधी होताच असं दिसत नाही, आणि त्याच्या हक्काचे पैसेही बुडतात.

रक्कम किती, कधी

योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळायचे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये झाले. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो, म्हणजे एकूण ६००० रुपये. ते दोन हप्त्यांत येतात: निदान होऊन नोंद झाली की ३००० रुपये आगाऊ, आणि उपचाराचे ८४ दिवस पूर्ण झाले की उरलेले ३०००. उपचार सहा महिन्यांपेक्षा लांबला, तर पुढच्या प्रत्येक महिन्याचे १००० रुपये मिळतात. पैसे थेट बँक खात्यात जमा होतात. मध्ये कुणाचा हात नाही.

पहिला हप्ता सुरुवातीलाच ठेवलाय त्याला कारण आहे. टीबीत वजन उतरतं, तोंडाची चव जाते, कामावर जाणं थांबतं. नेमकं तेव्हाच अंडी, दूध, डाळ, शेंगदाणे पोटात गेले पाहिजेत. तब्येत सुधारल्यावर आलेल्या पैशाचा तेवढा उपयोग होत नाही. निदान उशिरा झालं किंवा नोंद रखडली, की हप्ताही तेवढाच मागे पडतो.

अर्ज नसतो, नोंद असते

या योजनेचा फॉर्म महा-ई-सेवा केंद्रात मिळत नाही. रुग्णाने स्वतः ऑनलाइन अर्ज भरायचा नसतो. त्यामुळे "फॉर्म भरून देतो, एवढे पैसे द्या" असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. फोनवर ओटीपी मागणाऱ्यालाही तेच उत्तर.

नोंद दोन वाटांनी होते. पहिली वाट सरकारी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी चढणारा ताप, रात्री घाम, उतरत चाललेलं वजन, थुंकीतून रक्त, यांतलं काहीही असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका हद्दीत राहणाऱ्यांनी नागरी आरोग्य केंद्रात जावं. सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहेच. गावात आशाताईंना सांगितलं तरी चालतं, त्या पुढची वाट दाखवतात.

तिथे थुंकीसाठी छोटी डबी देतात. या डबीपाशीच बरीच गडबड होते, म्हणून सविस्तर सांगतो. सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी, साध्या पाण्याने चूळ भरा. घराबाहेर मोकळ्या हवेत जा. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, तिसऱ्यांदा छातीतून खाकरा आणि जे येईल ते डबीत टाका. घट्ट, पिवळसर बेडका हवा. तोंडातली पातळ लाळ डबीत गेली, तर आजार असूनही तपासणीत तो सापडत नाही, आणि लोक निर्धास्त होऊन घरी जातात. झाकण घट्ट लावा आणि डबी त्याच दिवशी पोचवा. नमुना सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर तपासला, तर जंतू आहेत का हे काही तासांत कळतं आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देतात का, हेही कळतं. तपासणी मोफत आहे. निदान झालं की आरोग्य केंद्रातच नोंद होते आणि रुग्णाला नि-क्षय आयडी मिळतो.

खोकला नसलेल्यांनीही एक लक्षात ठेवा. ७ डिसेंबर २०२४ ला देशात १०० दिवसांची टीबी मोहीम सुरू झाली, तेव्हापासून साठी ओलांडलेले, शुगरचे रुग्ण, पूर्वी टीबी झालेले, रुग्णाच्या घरातले, वजन फार कमी असलेले आणि बिडी-दारूचं व्यसन असलेले, यांचा लक्षणं नसली तरी एक्स-रे काढण्यावर भर आहे. तुमच्या भागात शिबिर लागलं तर "मला काय झालंय?" म्हणून मागे राहू नका.

दुसरी वाट खासगी डॉक्टरची. टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं डॉक्टरांना मे २०१२ पासून बंधनकारक आहे. २०१८ पासून प्रयोगशाळा आणि औषध दुकानंही त्यात आली. टीबीची औषधं एच-१ यादीत (चिठ्ठीवरच विकायच्या, कडक नियमांच्या औषधांची यादी) असल्यामुळे दुकानदाराला ती कुणाला दिली याची वेगळी नोंद ठेवावी लागते. रुग्ण कळवल्याबद्दल सरकार खासगी डॉक्टरला ५०० रुपये देतं आणि उपचाराचा शेवट काय झाला हे कळवल्यावर आणखी ५००. रुग्णाने यासाठी कुणालाही काही द्यायचं नसतं.

तेव्हा खासगीत उपचार चालू असतील तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "माझी नि-क्षयवर नोंद झाली का? आयडी नंबर लिहून द्या." विचारताना संकोच नको, हा तुमचा हक्क आहे. नोंद झाली नसेल तर रिपोर्ट आणि चिठ्ठी घेऊन तालुक्याच्या क्षयरोग पथकाकडे किंवा जिल्हा क्षयरोग केंद्रात जा. डॉक्टर न बदलता सरकारी मोफत गोळ्याही घेता येतात. औषधांचा खर्च झेपत नाही म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात उपचार सोडणाऱ्या घरांना हे माहीत असायलाच हवं.

कागद

आधार कार्ड, रुग्णाच्या नावाच्या बँक पासबुकाचं पहिलं पान, चालू मोबाइल नंबर, थुंकी किंवा एक्स-रेचा रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी. बस, एवढंच. झेरॉक्सवर खातेक्रमांक आणि आयएफएससी कोड स्पष्ट वाचता आला पाहिजे.

आधार नसेल तर आधी नोंदणी करून पावती घ्या. पण त्यासाठी औषध थांबवू नका आणि कुणी थांबवू लागलं तर ऐकू नका. कागद लागतात ते पैशासाठी, गोळ्या त्यांच्यावाचून मिळतात.

स्वतःचं खातं नसेल तर जनधन खातं शून्य शिलकीवर उघडता येतं. तेही जमत नसेल तर रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं खातं रुग्णाच्या लेखी संमतीने देता येतं. लहान मुलांच्या बाबतीत बहुधा असंच करावं लागतं.

पैसे अडतात ते बँकेपाशी

"नोंद झाली, गोळ्या चालू आहेत, पैसे मात्र नाहीत" अशी तक्रार आली की मी आधी पासबुक मागतो. पैसे पाठवण्याआधी सरकारची यंत्रणा खातं तपासते आणि तिथे बारीक फरकही नडतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आधारवर 'सुनंदा बाळासाहेब पाटील' आणि पासबुकावर 'सुनंदा बाळासो पाटील'. आपल्याला दोन्ही एकच, पण संगणकाला नाहीत. लग्नानंतर आधार बदललं आणि खातं माहेरच्या नावाने राहिलं, हेही तितकंच नेहमीचं. बँकेत आधार घेऊन जा आणि नाव जुळवून घ्या.

दुसरं, जुना आयएफएससी. विजया आणि देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. सिंडिकेट २०२० मध्ये कॅनरात, आणि आंध्रा व कॉर्पोरेशन त्याच वर्षी युनियन बँकेत विलीन झाल्या. पेटीतून काढलेल्या जुन्या पासबुकावर जुनाच कोड असतो. बँकेतून नवं पासबुक छापून घ्या.

तिसरं, पतसंस्थेचं खातं. आपल्या जिल्ह्यात गावोगावी पतसंस्था आहेत आणि अनेकांचं तेवढं एकच खातं असतं. अनुदान तिथे येत नाही, बँकेचंच खातं लागतं. आणि दोन वर्षं खात्यात काहीच उलाढाल नसेल तर ते निष्क्रिय होतं. केवायसी करून आधी ते चालू करून घ्या.

हे सगळं ठीक असूनही रक्कम आली नाही, तर नि-क्षय आयडी घेऊन क्षयरोग पथकातल्या वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकांना भेटा. खातं यंत्रणेने नाकारलं असेल तर त्यांना पोर्टलवर ते दिसतं आणि नवे तपशील भरता येतात. हप्ता नेमका कुठे थांबलाय हे 'टीबी आरोग्य साथी' अॅपवर आयडी टाकून घरबसल्याही पाहता येतं.

गाव सोडायचं असेल तर

आटपाडी, विटा, खानापूर भागातली गलाईवाली (सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारी) कुटुंबं देशभर विखुरलेली आहेत. गावी आल्यावर खोकल्याची तपासणी होते, टीबी निघतो आणि आठवड्याभरात माणूस पुन्हा परराज्यातल्या दुकानात जातो. उलट, दिवाळीनंतर ऊसतोडीला आपल्या जिल्ह्यात येणारी कुटुंबं गावाकडे सुरू झालेला उपचार मागे ठेवून फडात येतात. दोघांचाही उपचार इथेच तुटतो, आणि तुटलेला उपचार म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या टीबीला आमंत्रण.

निघण्याआधी आरोग्य केंद्रात फक्त सांगा. नि-क्षयवरची नोंद देशात कुठेही वर्ग करता येते. आयडी तोच राहतो, तिकडे गोळ्या मोफत मिळतात, पैसेही चालू राहतात. सोबत उपचार पत्रिका, रिपोर्ट आणि प्रवासात पुरतील एवढ्या गोळ्या घ्या. नव्या ठिकाणी नव्याने दुसरी नोंद करून घेऊ नका, एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या की हप्ता अडकतो. मुकादमांना आणि साखर कारखान्यांच्या शेती खात्यातल्या लोकांना माझी कळकळीची विनंती आहे: टोळीत कुणी टीबीच्या गोळ्या घेत असेल तर त्याला जवळच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोचवा. गोळ्या नीट चालू झाल्या की काही आठवड्यांत त्याच्यापासून इतरांना असलेला धोका झपाट्याने उतरतो. लपवून ठेवलेला आजार मात्र एकाच खोपीत झोपणाऱ्या सगळ्यांना धोक्यात घालतो.

घरच्यांसाठी

नोंद झाली की घरातल्या सगळ्यांची तपासणी होते. ज्यांना टीबी नाही अशी खात्री होते, त्यांना प्रतिबंधक औषध मोफत दिलं जातं. आजारी नसताना गोळ्या कशाला, म्हणून लोक ते टाळतात. ते घ्यावं, विशेषतः घरात लहान मूल किंवा शुगरचा रुग्ण असेल तर नक्कीच. रुग्णाची शुगर आणि एचआयव्ही तपासणीही याच वेळी मोफत होते.

९ सप्टेंबर २०२२ पासून 'नि-क्षय मित्र' ही जोड मिळाली आहे. कुणी व्यक्ती, मंडळ, सोसायटी किंवा कारखाना रुग्णाला दरमहा डाळ, तेल, कडधान्यांचा शिधा देऊ शकतो. तो घ्यायचा तर रुग्णाची संमती लागते. संमती दिली नाही म्हणून १००० रुपये थांबत नाहीत, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. शिधा वाटताना फोटो काढायचा असेल तर रुग्णाला आधी विचारा आणि तो नको म्हणाला तर काढू नका.

नाव बाहेर फुटेल ही भीती आजही खरी आहे. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं. गावापासून लांब, महिनोन्‌महिने राहायचं, अशी त्या काळातली रीत होती, आणि जुन्या लोकांच्या मनात टीबी म्हटलं की अजून तेच येतं. आता रुग्ण घरीच राहतो, घरच्यांबरोबर जेवतो. ताटवाटी वेगळी करायची गरज नाही, कारण टीबी भांड्यांतून पसरत नाही. सुरुवातीचे काही आठवडे खोकताना तोंडावर रुमाल आणि खोलीची खिडकी उघडी, एवढं पुरे.

गोळ्या सुरू झाल्यावर लघवी लालसर-नारिंगी होते. ते रक्त नाही, रिफाम्पिसिनचा रंग आहे. घाबरून गोळ्या सोडू नका. डोळे पिवळे दिसले, सतत उलट्या झाल्या किंवा नजर अंधुक वाटली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे या.

टीबीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन १८०० ११ ६६६६ आहे. फोन लावताना नि-क्षय आयडी आणि पासबुक हाताशी ठेवा.