भोपळा खाल्ला पण बिया टाकल्या

आमच्या सांगलीत गौरी-गणपतीला तांबड्या भोपळ्याचे घारगे घरोघरी होतात आणि भोपळा चिरला की पहिलं काम काय, तर आतला चिकट गर बियांसकट ओरबाडायचा आणि ओल्या कचऱ्यात टाकायचा. मला ते खरंच बघवत नाही, कारण भोपळ्यात सगळ्यात कसदार त्या बियाच असतात.

भोपळ्याच्या फोडीत ९० टक्क्यांच्या वर पाणी, आणि प्रोटीन म्हणाल तर १०० ग्रॅमला जेमतेम १ ग्रॅम. तेवढ्याच सोललेल्या सुक्या बियांत प्रोटीन ३० ग्रॅम! बी म्हणजे रोपाची शिदोरी असते बघा, मातीतनं वर येऊन पानाला ऊन मिळेपर्यंत कोंबाला जे जे लागणार ते सगळं वेलानं आधीच बांधून दिलेलं, तेल, प्रोटीन, फॉस्फरस, झिंक, लोह आणि भरपूर मॅग्नेशियम. पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे आणि त्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचाच अणू बसलेला असतो.

हे मॅग्नेशियम आपल्यालाही लागतं, स्नायू आखडल्यावर सैल व्हायला, नसांचं काम नीट चालायला, अन्नातनं ताकद तयार व्हायला. १०० ग्रॅम बियांत ते साडेपाचशे मिलिग्रॅमच्या पुढे असतं. आपण सांगली-साताऱ्याकडची माणसं सगळ्यात शेंगदाण्याचं कूट घालणारी, शेंगदाणाही चांगलाच, पण त्यात १७० च्या आसपास, म्हणजे भोपळ्याच्या बीत तिपटीहून जास्त झालं. झिंकही दुपटीहून जास्त.

आता "बिया खा, हिमोग्लोबिन झटकन वाढेल" असे मेसेज फिरतात ते मला पटत नाहीत. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम बियांत लोह अडीच मिलिग्रॅमच्या आसपास, आणि बाईची रोजची गरज आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबाने २९. शिवाय ते सगळं अंगी लागत नाही. बी आपलं फॉस्फरस फायटिक ॲसिडच्या रूपात साठवते आणि ते लोह, झिंक, मॅग्नेशियमला धरून ठेवतं, आपल्या पोटात ते सहज सुटत नाही. बी भिजली की तिच्यातलंच एन्झाइम ते थोडं थोडं सोडवायला लागतं, उगवायची तयारी ती. म्हणून रात्रभर भिजवून, वाळवून, मग भाजलेली बी बरी. आणि सोबत लिंबू पिळा, सी व्हिटॅमिनमुळे लोह जास्त शोषलं जातं. कॅल्शियम मात्र यात फार नाही, त्याला तीळच.

दुकानात मगज मागितलं तर बहुतेक वेळा कलिंगडाच्या नाहीतर खरबुजाच्या पांढऱ्या बिया देतात, भोपळ्याच्या सोललेल्या बिया हिरवट असतात, ते बघून घ्या. घरच्या बिया काढायच्या तर गर धुऊन, रात्रभर भिजवून, ताटात पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायच्या, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायच्या, टरफल काढायचं. सोलायला वेळ लागतो, टीव्हीसमोर बसून होतं ते. मग लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटा, भाकरीवर घेताना लिंबू. भडंगात शेंगदाण्यासोबत टाकल्या तरी छान लागतात, किंवा तासगावच्या बेदाण्यात मिसळून पोरांच्या डब्यात.

रोज मूठभर पुरे, १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही जास्त आहे. आणि एकदम किलोभर सोलून ठेवू नका, निम्मं तेलच असतं त्यात, फार दिवस राहिल्या की खवट वास यायला लागतो.