ठोका कुठे हरवतो?

अनंत चतुर्दशीला गिरगावात पथक समोरून जातं तेव्हा ढोल छातीत वाजतो. फोनवर घेतलेला तोच व्हिडिओ रात्री घरी लावला की ढोल बसलेला वाटतो, ताशाची तर्री सलग फरफर होऊन जाते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये गर्दीचा गलका एकदम वर उसळतो. दोष आपण फोनच्या माईकला देतो. माईकला मर्यादा आहेतच, पण तो मधला गलका वर उचलण्याचं काम माईक करत नाही. ते करतो फोनमधला स्वयंचलित कंप्रेसर. अंधेरीतल्या कुठल्याही स्टुडिओत तालवाद्यांना जीव आणण्यासाठी जे उपकरण वापरतात, तेच हे; फक्त इथे त्याच्या खुंट्या आपल्या हातात नसतात.

फाइल लहान करणाऱ्या एमपीथ्री कॉम्प्रेशनशी याचा संबंध नाही. इथे दाबला जातो तो आवाजाचा चढउतार. व्हॉल्यूमच्या बटणावर हात ठेवून एक माणूस बसला आहे अशी कल्पना करा. ठरावीक पातळीच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या, वर आवाज गेला की तो बटण मागे फिरवतो. रेकॉर्डिंगमध्ये मावणारा सर्वांत मोठा आवाज शून्य धरून थ्रेशोल्ड उणे २० डेसिबल आणि गुणोत्तर चारास एक असेल, तर उणे ८ डेसिबलचा ठोका मर्यादेच्या १२ डेसिबल वर गेला. त्यातले तीनच पुढे जाऊ द्यायचे, म्हणजे नऊ डेसिबलची कपात. ही कपात भरून काढायला मग सगळाच आवाज वर उचलला जातो, आणि मधला गलका त्याच्याबरोबर वर येतो. इथवर गणित शाळेतलं आहे. खरी गंमत हा माणूस किती चपळ आहे यात आहे.

ताशावर काडी पडते तेव्हा आवाजाचं टोक पहिल्या काही मिलिसेकंदांतच येऊन जातं. हा ठोका काडीचा की हाताचा, हे कान मुख्यतः त्या टोकावरून ओळखतो. आवाज मोठा की लहान हे मात्र तो तितक्या घाईने ठरवत नाही. त्यासाठी साधारण दीड-दोनशे मिलिसेकंदांची ऊर्जा तो जमेला धरतो. या दोन घड्याळांमधल्या अंतरावरच कंप्रेसरची सगळी करामत उभी आहे. टोक सुटू दिलं आणि मागची घुमार दाबली, तर ठोका तेवढाच मोठा असून अधिक धारदार वाटतो. टोकच चिरडलं आणि घुमार वर आणली, तर फोनमधला ढोल तयार होतो.

ही चपळाई ठरवणाऱ्या खुंटीला अटॅक म्हणतात. तिच्याबद्दल एक गैरसमज शिकणाऱ्यांमध्ये अगदी पक्का बसलेला असतो: अटॅक १० मिलिसेकंद म्हणजे कंप्रेसर तेवढा वेळ गप्प बसतो आणि मग आवाज दाबतो. तसं होत नाही. आवाज मर्यादा ओलांडतो त्या क्षणीच कपात सुरू होते आणि घातांकी वक्राने वाढत जाते. निरनिराळे उत्पादक हा आकडा निरनिराळ्या पद्धतीने मोजतात. एका नेहमीच्या पद्धतीत तेवढ्या वेळात ६३ टक्के कपात पूर्ण होते. आपल्या नऊ डेसिबलचं पाहू. पहिल्या मिलिसेकंदात जेमतेम ०.९ डेसिबल कमी होतात, दहाव्यापर्यंत ५.७, आणि तिसाव्याला साडेआठ. म्हणजे काडीचं टोक जवळजवळ अख्खं निसटतं आणि मागचा भाग दबतो. अटॅक अर्ध्या मिलिसेकंदावर आणला तर टोकाचंच डोकं उडतं. स्टुडिओत आजही पूजला जाणारा ११७६ हा कंप्रेसर २० ते ८०० मायक्रोसेकंदांत काम करतो. त्याची सर्वांत संथ सेटिंगसुद्धा एक मिलिसेकंदाच्या आत आहे, हे ताशावर तो लावण्याआधी लक्षात ठेवायला हवं.

मग ढोलावर सगळंच झटपट ठेवलं तर? ढोलाची घुमार ८० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांची, धरू. तिचं एक आवर्तन साडेबारा मिलिसेकंदांचं. कंप्रेसर बटण सोडून पूर्वपदावर येतो त्या वेळेला रिलीज म्हणतात. अटॅक आणि रिलीज दोन्ही दोन-तीन मिलिसेकंदांवर ठेवले, तर तो माणूस ठोक्याच्या मागे न जाता लहरीच्याच मागे धावायला लागतो. लहरीला एक माथा वर आणि एक खाली, म्हणून एका आवर्तनात तो दोनदा बटण फिरवतो, सेकंदाला १६० वेळा. ८० हर्ट्झच्या लहरीला १६०च्या गतीने वरखाली केलं की त्रिकोणमितीच्या गुणाकाराच्या सूत्रानुसार बेरीज आणि वजाबाकीच्या वारंवारता निघतात: २४० आणि ८०. हे २४० हर्ट्झ ढोलात आधी होते त्याहून जास्तीचे, कंप्रेसरने घातलेले. खर्जाला आलेली ती खरखर इथून येते. म्हणून रिलीज आवर्तनाहून बराच लांब हवा, पण पुढच्या ठोक्याआधी हात पूर्वपदावर यायलाही हवा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांत ५०० मिलिसेकंद मिळतात; शंभर-दोनशेपासून सुरुवात करून कानाने ठरवावं.

      

आता रेकॉर्डिंग करतानाच कंप्रेसर लावावा का? टेपच्या काळात याला सबळ कारण होतं. साध्या टेपवर सुरसुर आणि विकृती यांच्यामध्ये साधारण ६०-७० डेसिबलचीच जागा मिळायची. २४ बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगची तात्त्विक मर्यादा १४४ डेसिबल आहे. टोकांच्या वर दहा-बारा डेसिबल मोकळे सोडले तरी काही बिघडत नाही, आणि चिरडलेलं टोक मात्र नंतर कुठल्याही प्लगइनने जसंच्या तसं परत येत नाही. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: ऐकताना लावा, फाइलमध्ये उतरवू नका.

खर्जापासून तारापर्यंतचे भाग वेगवेगळे कमीजास्त करणाऱ्या ईक्यूचंही तेच, फक्त तो कुठे लावता हे महत्त्वाचं. ढोलाचा खर्ज सर्वांत बलवान, म्हणून कंप्रेसर त्याच्याच इशाऱ्यावर हलतो आणि टिपरूचा, म्हणजे ढोलावर पडणाऱ्या काडीचा, कडाका विनाकारण दबतो. कंप्रेसरच्या कानावर पडणारा खर्ज तेवढा कापला, ऐकू येणारा तसाच ठेवला, की हे थांबतं. पोकळ डबडबीत वाटणारा भाग बहुधा २०० ते ४०० हर्ट्झमध्ये सापडतो, काडीची धार ३ ते ५ हजारांत.

पण एका वाद्यावर दोन माईक असतील तर ईक्यूला हात लावण्याआधी अंतर मोजा. मुंबईच्या उकाड्यात आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणजे ३५ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद. वाद्यापासूनच्या दोन अंतरांत एवढा फरक असला आणि दोन्हींची पातळी सारखी असली, तर त्यांच्या बेरजेत ५०० हर्ट्झ पूर्ण पुसला जातो, मग १५००, मग २५००. त्या खड्ड्यात ईक्यूने कितीही भर घाला, वाढवायला तिथे काही उरलेलंच नसतं. स्टँड उचलून एक माईक वीतभर पुढे-मागे केला की खड्डे दुसरीकडे सरकतात.