पहिली-दुसरीचे गणित आणि शिक्षकाची तयारी : टीईटीच्या वादामागचे काही

सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सक्तीची ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ सप्टेंबर २०२५ रोजी आला. तेव्हापासून शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नाही. चर्चा बहुतेक नोकरीची, बढतीची आणि पुनर्विचार याचिकेची. सहा-सात वर्षांच्या मुलाला गणित शिकवण्यासाठी शिक्षकाला नेमके काय यायला हवे, हे कोणी फारसे विचारत नाही. तो प्रश्न टीईटीपेक्षा बराच जुना आहे, आणि आजच्या गोंधळाची मुळे त्याच्याच न मिळालेल्या उत्तरात आहेत.

फार मागे जाण्याचे कारण नाही. पंतोजींच्या शाळेत गणित म्हणजे पाठांतर होते : पाढे, आणि त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्ध्यापासून साडेतीनपर्यंतच्या पटींची कोष्टके. आज ते सगळे मागास म्हणून हिणवले जाते, ते तितकेसे खरे नाही. शेराचा भाव आणि रुपये-आणे-पै यांच्या व्यवहारात तोंडी हिशेब करणाऱ्याला ही कोष्टके रोज लागत. मुलाने ती घोकली तरी बाजारात त्यांचा उपयोग दिसे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनमापे आली आणि औटकीचा आधारच गेला. घोकण्याची पद्धत मात्र राहिली.

खरा ठसा उमटवला तो अध्यापक विद्यालयांनी. व्हर्नाक्युलर फायनल (सातवीची जुनी परीक्षा) झालेल्या मास्तरांच्या काळापासून ते डी.एड.पर्यंत प्रवेशाची पात्रता बदलली, अभ्यासक्रमाचे नाव बदलले, पण पाठ टाचणाचा, म्हणजे तासाआधी लिहायच्या पाठाच्या आराखड्याचा, सांगाडा पिढ्यान् पिढ्या तोच राहिला. एका जर्मन विचारवंताच्या नावाने आलेली पंचपदी ज्यांनी सराव पाठ दिले आहेत त्यांना पाठ असेल : आधी प्रस्तावना, मग विषय विवेचन, तुलना, त्यातून नियम, आणि शेवटी उपयोजन. गणिताच्या तासाला याचा अर्थ असा की शिक्षकाने फळ्यावर दोन-तीन नमुने सोडवून दाखवायचे, रीत सांगायची, मुलांनी तशीच दहा गणिते करायची आणि वेळ उरला तर एखादे शाब्दिक उदाहरण घ्यायचे. वेळ क्वचितच उरतो. धड्याच्या शेवटच्या पानावरची शाब्दिक उदाहरणे ‘घरी करून आणा’ या सदरात जातात, यात शिक्षकाचा आळस नाही. त्याला शिकवलेच तसे होते. मुलासमोर आधी प्रश्न ठेवायचा, त्याला त्याच्या पद्धतीने झटू द्यायचे आणि रीत त्यातून काढायची, हा क्रम पंचपदीच्या नेमका उलटा आहे. टाचणवहीत तो बसवायला रकानाच नव्हता.

याचा परिणाम काय होतो, ते एका गणितावरून दिसेल. आठ जण जेवायला बसणार आहेत, पाच पाट मांडून झाले, आणखी किती लागतील? पहिलीतले मूल पाचच्या पुढे बोटांवर मोजते : सहा, सात, आठ. उत्तर तीन. त्याच्या दृष्टीने ही भर घालण्याची गोष्ट आहे, वजा करण्याची नाही. शिक्षकाला मात्र ८ - ५ हवे असते. वजाबाकी म्हणजे फक्त ‘काढून घेणे’ नव्हे; दोन संख्यांतला फरक काढणे आणि किती कमी पडतात ते पाहणे हेही वजाबाकीतच येते, हे त्याला कोणी नीट सांगितलेले नसते. मग सोपा उपाय म्हणून वर्गात सूत्र येते : ‘एकूण’ आले की बेरीज, ‘उरले’ आले की वजाबाकी, ‘जास्त’ आले की बेरीज. हे सूत्र तिसरीत दगा देते. मीनाकडे १२ पेरू आहेत, ते राजूकडच्या पेरूंपेक्षा ५ ने जास्त आहेत, राजूकडे किती? अर्धा वर्ग १७ लिहितो. मुलांनी गणित वाचलेलेच नसते, शब्द हेरलेला असतो. असा शब्द हेरायला शाळेनेच शिकवले, हे मात्र निकालपत्रकात कुठे दिसत नाही.

सेवांतर्गत प्रशिक्षणाचा इतिहास यापेक्षा गजबजलेला आहे. १९८६ च्या धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या आणि खडू-फळा मोहिमेतून शाळांना साहित्य मिळाले. नव्वदच्या दशकात किमान अध्ययन क्षमतांचा काळ आला. क्षमतांना क्रमांक होते, आणि मुलाला क्षमता ‘आली की नाही’ याची नोंद शिक्षकाने ठेवायची होती. गणित त्यात सहज बसले, कारण बेरीज-वजाबाकीचे बारीक तुकडे करता येतात. प्रश्न सोडवण्याचे तसे तुकडे पडत नाहीत, म्हणून ते नोंदवहीतून निसटले. सर्व शिक्षा अभियानात वर्षाला वीस दिवसांपर्यंत प्रशिक्षणाची तरतूद झाली. राज्यातून जिल्हा, जिल्ह्यातून तालुका, तालुक्यातून केंद्र अशी उतरंड. वरच्या पायरीवर पाच दिवसांत जे चर्चेतून उलगडले, ते केंद्रशाळेत पोचेपर्यंत घडीपुस्तिकेचे वाचन झालेले असे. त्या काळातल्या शिक्षकांना प्रशिक्षणाचे काय आठवते असे विचारून पाहा. गाणी, बडबडगीते, कागदकाम आणि जेवण. भागाकार कसा समजावायचा यावर झालेला वाद फार थोड्यांना आठवतो.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने भाषा बदलली. गणित शिकण्याचा हेतू मुलाच्या विचाराचे गणितीकरण हा आहे, असे त्यात आले. राज्यात त्याचे पडसाद उमटायला वेळ लागला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच वर्षी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि २०१२ चा प्राथमिक अभ्यासक्रम नवी पुस्तके घेऊन आला. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्य शासनाचा कार्यक्रम सुरू झाला आणि मुलाने स्वतः करून शिकण्याच्या, ज्ञानरचनावादी पद्धतीसाठी गाजलेल्या साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या निघाल्या.

त्या लाटेने काय दिले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मणीमाळ, दशकाचे दांडे आणि कागदी नोटा कपाटातून बाहेर आल्या, आणि ‘या मुलांना जमणार नाही’ हे वाक्य बैठकीत बोलायला लोक कचरू लागले. वरून सरसकट लादलेल्या प्रशिक्षणांऐवजी शिक्षकांच्या मागणीनुसार प्रशिक्षण द्यायचे, हा विचारही बरोबरच होता. पण पाहून आलेल्यांनी जे उचलले, ते जे दिसत होते ते : रंगवलेल्या फरशा, संख्यांच्या चौकटी, भिंतीवरचे तक्ते. मुलाने चौकटीत बसून काय विचार केला, हे फोटोत येत नाही. शिवाय सोबत पायाभूत चाचण्या होत्या आणि शाळा ‘प्रगत’ घोषित करण्याची घाई होती. मागणीनुसार प्रशिक्षणाची एक अडचण तेव्हा फारशी बोलली गेली नाही. आपल्याला काय येत नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो मागणी कशाची नोंदवणार? पहिलीचे गणित शिकवता येत नाही, असे कोणता शिक्षक लिहून देईल?

दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांऐवजी आलेल्या ‘वीस एक, वीस दोन’ या संख्यावाचनावरून जून २०१९ मध्ये झालेला गदारोळ वाचकांना आठवत असेलच. विधानसभेपासून नाक्यापर्यंत सगळे बोलले. मुले पंचवीस ऐकून ५२ लिहितात ही अडचण खरी आहे, आणि ती दूर करायला ही एक पायरी म्हणून वापरायची की जुन्या नावांच्या जागी, हे वर्गातल्या शिक्षकाच्या समजुतीवर अवलंबून होते. त्या समजुतीबद्दल कोणी बोलले नाही.

आता टीईटी. शिक्षण हक्क कायद्यानंतर ऑगस्ट २०१० मध्ये केंद्रीय अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी ही परीक्षा किमान पात्रतेत घातली. पुढच्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिले होते की गणिताच्या प्रश्नांचा भर संकल्पना, प्रश्न सोडवण्याची क्षमता आणि अध्यापनशास्त्रीय समज यांवर असावा. वाक्य चांगले होते. केंद्रीय स्तरावरच्या परीक्षेने प्राथमिकच्या पेपरात गणिताच्या ३० प्रश्नांपैकी १५ आशयाचे आणि १५ अध्यापनाचे अशी वाटणी तरी केली. राज्याची परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली, तिच्या पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण गणिताला आहेत, पण अशी वाटणी नाही. बहुतेक प्रश्न सरळ सोडवायचे : लसावि-मसावि, नफा-तोटा, सरळव्याज, क्षेत्रफळ. चार पर्याय, एक बरोबर.

हे गणित शिक्षकाला यायला नको का? जरूर यायला हवे. ज्याला अपूर्णांकांची भीती वाटते तो ती भीती वर्गात नेतो, आणि बारावीनंतर अध्यापक विद्यालयात येणाऱ्या अनेकांचा गणिताशी संबंध दहावीलाच संपलेला असतो. पण दुसरीच्या वर्गात लागणारे ज्ञान वेगळ्या जातीचे आहे. मुलाने ५२ मधून ३८ वजा करून २६ लिहिले. एकक स्थानी २ मधून ८ जात नाहीत म्हणून त्याने ८ मधून २ काढले, दशकात ५ मधून ३. चूक आहे, पण तिला नियम आहे. शिक्षकाने लगेच हातचा शिकवायचा, की ‘३८ नंतर ४० ला किती, मग ५२ ला किती’ असे विचारून १४ पर्यंत त्यालाच येऊ द्यायचे? सरळव्याज बिनचूक काढणारा माणूस इथे अडखळू शकतो. मला तर वाटते, या एका २६ वर लिहायला लावले तर तीस बहुपर्यायी प्रश्नांपेक्षा शिक्षकाची तयारी जास्त कळेल.

न्यायालयीन निकालांमध्येही हीच ओढाताण दिसते. २०१८ मध्ये बी.एड. झालेल्यांना, सहा महिन्यांच्या सेतू अभ्यासक्रमाच्या अटीवर, पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवण्यात आले होते. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने ते रद्दबातल ठरले. लहान मुलांना शिकवण्याची तयारी वेगळी असते, ती डी.एल.एड.मध्ये (पूर्वीच्या डी.एड.मध्ये) मिळते, बी.एड.मध्ये नाही, हा त्यामागचा विचार. दोन वर्षांनी आलेल्या निकालात मात्र वेगळ्या तयारीचा पुरावा म्हणून एक सामाईक परीक्षा पुढे येते. सेवेची पाचहून अधिक वर्षे उरलेल्यांनी दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायची. त्याहून कमी उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण बढती नाही.

संघटनांचे म्हणणे असे की आमच्या नेमणुका तेव्हाच्या नियमांनी झाल्या, वीस-पंचवीस वर्षे शिकवल्यावर पात्रता कसली सिद्ध करायची. त्यात तथ्य आहे. पालकांच्या बाजूने विचारले जाते, आमच्या मुलाची पायाभूत चाचणी चालते, मग तुमची का नाही. तेही खोटे नाही. त्यात २०१९-२० च्या परीक्षेतल्या गुणवाढीच्या घोटाळ्यात साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली, त्यामुळे प्रमाणपत्रावरचा विश्वासही आधीच डळमळला होता. बहुतेक वर्षी निकाल एक आकडी टक्क्यांत लागतो, आणि त्यावरून ‘शिक्षकांनाच काही येत नाही’ असे मथळे येतात. पण येत नाही ते काय, हे तो निकाल सांगत नाही. दोन्ही बाजू परीक्षा असावी की नसावी यावरच भांडत राहिल्या.

दरम्यान २०२१ मध्ये निपुण भारत अभियान आले. तिसरीपर्यंत पायाभूत भाषा आणि संख्याज्ञान, २०२६-२७ ही मुदत. ‘निष्ठा’ या केंद्राच्या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे वर्ग शासनाच्या दीक्षा ॲपवर होतात. व्हिडिओ पुढे सरकवत शेवटच्या प्रश्नावलीपर्यंत पोचले की प्रमाणपत्र उतरते. २०२० च्या धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता व्हायची आहे, आणि तिकडे राज्यातली डी.एल.एड. विद्यालये जागा रिकाम्या राहिल्याने एकामागून एक बंद होत गेली आहेत. टीईटीसाठी दिलेली दोन वर्षे सप्टेंबर २०२७ च्या सुरुवातीला संपतात. तोवर संध्याकाळी सहानंतर ऑनलाइन क्लासला बसलेले शिक्षक काळ-काम-वेगाची गणिते सोडवत आहेत.