तोफेचा गोळा सगळ्यांना सारखाच जड, मग ग्राउंडला टाइम वेगळा का?

साताऱ्यात पहाटे कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा, भरतीची पोरं पळताना दिसणारच, आणि आता पोरीही तेवढ्याच. पोलीस भरतीला पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००. गोळाफेकीचा गोळा पोरांना ७.२६० किलोचा, पोरींना ४ किलोचा. आर्मीत अंतर सारखंच, १.६ किलोमीटर, पण अग्निवीरला पोराने ५ मिनिटं ३० सेकंदांत मारलं तर फुल मार्क, आणि मुलींच्या मिलिटरी पोलीस भरतीत पहिला, म्हणजे सगळ्यात फास्ट, गट साडेसात मिनिटांपर्यंत. मग चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतोच, "शत्रू काय बाई बघून सवलत देणार हाय का?"

प्रश्न बिनतोड वाटतो खरा, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय.

आधी शरीराचं बघू. वयात येईपर्यंत पोरगा-पोरगी पळण्यात जवळपास सारखेच असतात, नंतर पोरांत टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि पुरुषाचे स्नायू, हाडांची जाडी, हृदयाचा आकार, रक्तातलं हिमोग्लोबिन सगळंच वाढतं. बाईचं हिमोग्लोबिन साधारण १२ टक्क्यांनी कमी, म्हणजे तेवढ्याच रक्तातून स्नायूंना ऑक्सिजन कमी पोचतो. पायांच्या ताकदीत फरक त्यामानाने कमी, खांदे-दंड-पकड यात मात्र मोठा. जर्मनीतल्या एका अभ्यासात ९० टक्के बायकांची पकड ९५ टक्के पुरुषांपेक्षा कमी निघाली. हे कुणाला आवडो न आवडो, आहे ते आहे.

पण ही सगळी सरासरी झाली. आपल्या माण तालुक्यातली ललिता बाबर घ्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने ३००० मीटर स्टीपलचेस ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत संपवली, मध्ये अडथळे, पाण्याचे खड्डे, सगळं धरून. हिशोब केला तर दर १६०० मीटरला पाच मिनिटांच्या आतच येतं, म्हणजे पोरांच्या फुल मार्कांच्या टायमिंगपेक्षा फास्ट, आणि तेही जवळपास दुप्पट अंतर. अर्थात ललिता बाबर गल्लोगल्ली नसतात, पण सैन्याला सरासरी बाई भरती करायचीच नसते ना, जी समोर उभी आहे तिलाच मोजायचं असतं.

आता खिचडी सोडवू. "हा माणूस स्वतःच्या वया-शरीराच्या मानाने फिट आहे का?" हा एक प्रश्न, त्याला टाइम वेगळा ठेवणं बरोबरच, आर्मीत वयानुसारही वेगळा असतोच की, त्यावर कुणी ओरडत नाही. "हे काम याला जमेल का?" हा दुसरा प्रश्न, इथे सवलत चालत नाही. १५५ मिलिमीटर तोफेचा गोळा साधारण ४५ किलोचा, उचलणारा कोण हे त्याला कळत नाही. एप्रिल २०२३ मध्ये आपल्या तोफखान्यात पहिल्या ५ महिला अधिकारी आल्या. अधिकारी काही रोज गोळे भरत बसत नाही, पण मुद्दा समजतो.

गंमत अशी की दुसऱ्या प्रश्नाची टेस्ट बनवणंच अवघड. कॅनडात टॉनी मायोरिन नावाची बाई जंगलातली आग विझवायचं काम करत होती, काम चांगलं होतं, मग नवीन नियम आला, अडीच किलोमीटर ११ मिनिटांत पळा. ती ४९.४ सेकंदांनी हुकली आणि नोकरी गेली. केस सुप्रीम कोर्टात गेली, १९९९ मध्ये ती जिंकली, कारण ११ मिनिटांत पळता आलं नाही तर आग विझवता येत नाही हे सरकारला सिद्धच करता आलं नाही. कॅनडाच्या सैन्याची आजची टेस्ट बघा, २० किलोची वाळूची पिशवी साडेतीन मिनिटांत ३० वेळा उचला, पिशव्या ओढत न्या, झोपा-उठा-पळा. बाई, पुरुष, वय, पास व्हायला सगळ्यांना एकच. मला हे पटतं, आकडा कामातून आलाय.

पण टेस्ट एक म्हणून ट्रेनिंगही डोळे झाकून एकच ठेवलं तर काय होतं ते ब्रिटिश आर्मीने बघितलंय. १९९० च्या दशकाच्या शेवटी पोरा-पोरींना तंतोतंत सारखं ट्रेनिंग दिलं, तर अतिताणाच्या दुखापतीमुळे बाहेर पडणाऱ्या पोरींचं प्रमाण ४.६ वरून ११.१ टक्क्यांवर गेलं, पोरांचं दीड टक्क्याच्या आतच राहिलं. बारीक हाडं, त्यात उंच पोरांच्या पावलाला पाऊल मिळवत मार्चिंग, मग कमरेच्या आणि पायाच्या हाडाला बारीक चिरा पडतात. उलट अमेरिकेत नॅटिक गावी सैन्याच्या संशोधकांनी बायकांच्या एका गटाला साधारण सहा महिने वजनं आणि ओझं घेऊन पद्धतशीर तयार केलं, सुरुवातीला सैन्यातली अतिजड कामं जमणाऱ्या २४ टक्के होत्या, शेवटी ७८. फिनिश लाइन तीच, रस्ता आणि वेळ वेगळा.

हे आपल्याकडच्या कितीतरी अकॅडम्यांना सांगायला पाहिजे, जिथे पोरींचं ट्रेनिंग म्हणजे नुसतं रनिंग आणि वर "वजन कमी कर". खाणं कमी, पळणं जास्त झालं की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं ठिसूळ होत जातात, आणि नडगी दुखायला लागली की सर म्हणतात पळून पळून जाईल. जाणार नाही, चीर असेल तर वाढेल. हिमोग्लोबिनची तपासणी सिव्हिलला होते, ती पहिल्या आठवड्यातच करून घ्या, आणि ज्या पोरीला तोफखान्यात जायचंय तिच्या हातात रनिंगच्या बुटांइतकाच बारबेलही द्या.