आधी संरक्षण, मग ताबा: जॉर्जियाच्या अनुभवाची पार्श्वभूमी

जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत काही अस्थी सापडल्या होत्या. हैदराबादच्या प्रयोगशाळेतील डीएनए तपासणीनंतर त्या जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या असल्याच्या समजुतीला बळ मिळालं. इस्लाम स्वीकारायला नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने १६२४ मध्ये शिराझला तिचे हाल करून तिला मारण्यात आलं होतं. ऑगस्टीनियन साधूंनी तिचे अवशेष गोव्यात आणले. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यातला काही भाग जॉर्जियाच्या हवाली केला, तेव्हा राजधानी तिबिलिसीत लोकांचे डोळे भरून आले.

जॉर्जियाची मूळ अडचण या राणीच्या कहाणीत दिसते. एका बाजूला इराण, दुसऱ्या बाजूला तुर्क, मध्ये छोटी ख्रिस्ती राज्यं. तिच्याच वंशातला राजा एरेकले दुसरा याने म्हणूनच उत्तरेकडे पाहिलं. १७८३ मध्ये गेओर्गियेव्स्क इथे रशियाच्या कॅथरीनशी करार झाला: परराष्ट्र धोरण रशियाच्या हाती, बदल्यात संरक्षण आणि राजघराण्याची हमी. १७९५ मध्ये इराणच्या आगा मोहम्मद खानाने तिबिलिसी लुटून जाळलं, तेव्हा रशियाची फौज वेळेवर आली नाही. १८०१ मध्ये मात्र रशियाने ते राज्यच खालसा केलं. १८११ मध्ये जॉर्जियाच्या चर्चची स्वायत्तताही गेली.

रशियाच्या शेजाऱ्यांविषयीच्या चर्चेत नाटोचा विस्तार हा एकच मुद्दा पुढे येतो. तो खरा आहे, पण कथा तिथून सुरू होत नाही. मे १९२० मध्ये लेनिनच्या सरकारने स्वतंत्र जॉर्जियाला करार करून मान्यता दिली होती. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १९२१ मध्ये, लाल सेना तिबिलिसीत शिरली. त्या वेळी नाटो अस्तित्वातच नव्हती.

सोव्हिएत राजवटीने जॉर्जियाच्या आत दक्षिण ओसेतिया आणि अबखाझिया असे स्वायत्त भाग आखले. सोव्हिएत संघ टिकला तोवर या रेषा नकाशापुरत्या होत्या. तो मोडू लागल्यावर त्याच सरहद्दी झाल्या. इथे जॉर्जियाच्या नेत्यांचा दोष झाकता येणार नाही. एप्रिल १९८९ मध्ये तिबिलिसीतल्या निदर्शकांवर सोव्हिएत सैनिक तुटून पडले, माणसं मेली आणि राष्ट्रवाद पेटला. त्या लाटेवर सत्तेत आलेल्या झ्वियाद गामसाखुर्दिया यांच्या सरकारने डिसेंबर १९९० मध्ये दक्षिण ओसेतियाची स्वायत्तताच रद्द केली. लढाई जुंपली. ऑगस्ट १९९२ मध्ये जॉर्जियन फौजा अबखाझियाची राजधानी सुखुमीत घुसल्या. अबखाझ लोक त्यांच्याच प्रदेशात जेमतेम १८ टक्के उरले होते. त्यांना वाटणारी भीती खोटी नव्हती. उत्तर कॉकेशसमधून लढवय्ये त्यांच्या मदतीला आले, रशियाकडून शस्त्रं मिळाली. सप्टेंबर १९९३ मध्ये सुखुमी पडलं आणि दोन लाखांहून अधिक जॉर्जियन लोक घरदार सोडून पळाले. कित्येक जण बर्फातल्या डोंगरवाटांवरच मेले.

जॉर्जियाचे तेव्हाचे हतबल नेते एदुआर्द शेवर्दनात्झे यांना मग रशियाच्या पुढाकाराने बनलेल्या माजी सोव्हिएत देशांच्या राष्ट्रकुलात सामील व्हावं लागलं आणि अबखाझियात रशियन ‘शांतिसेना’ आली. पेटलेल्या घराशेजारी बसलेला माणूस विझवतोय की निखारे राखतोय, हा प्रश्न तेव्हापासून आहे.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं पाऊल, कारण त्यात तोफा नव्हत्या. २००२ पासून रशियाने या दोन्ही भागांतल्या रहिवाशांना मोठ्या प्रमाणावर रशियन पासपोर्ट वाटले. सोव्हिएत पासपोर्ट निरुपयोगी झालेले, जॉर्जियाचा नको असलेला. लोकांनी ते आनंदाने घेतले. पण कागदावर नागरिक तयार झाले की त्यांच्या रक्षणाचा हक्कही तयार होतो. एप्रिल २०१९ मध्ये युक्रेनच्या दोनेत्स्क-लुहान्स्क भागांतल्या रहिवाशांसाठी रशियाने पासपोर्टची वाट सोपी केली, तेव्हा जॉर्जियनांना ही गोष्ट ओळखीची वाटली.

२००३ च्या ‘गुलाब क्रांती’नंतर आलेले मिखाइल साकाशविली पश्चिमेकडे झुकले. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाइन आणि बोर्जोमीच्या पाण्यावर बंदी घातली. त्या मालाची सर्वात मोठी बाजारपेठ रशियाच होती. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या बैठकीत नाटोने युक्रेन आणि जॉर्जिया ‘सदस्य होतील’ असं जाहीर केलं, पण जर्मनी-फ्रान्सच्या विरोधामुळे त्यासाठीचा कार्यक्रम दिला नाही. रशियाला डिवचणारं वचन आणि जॉर्जियाला कवच नाही, अशी ही अवस्था सर्वात धोकादायक होती.

७ ऑगस्टच्या रात्री जॉर्जियन तोफांनी दक्षिण ओसेतियाची राजधानी त्स्खिनवालीवर मारा केला. रशिया आणि दक्षिण ओसेतियाला जोडणाऱ्या रोकी बोगद्यातून रशियन रणगाडे उतरले आणि पाच दिवसांत गोरी शहरापर्यंत सगळं कोलमडलं. युरोपीय संघाने नेमलेल्या हायदी ताल्याविनी समितीने २००९ मध्ये खुल्या युद्धाची सुरुवात जॉर्जियाच्या माऱ्याने झाल्याचं म्हटलं. पण आधीची चिथावणी, पासपोर्टवाटप आणि रशियाची प्रमाणाबाहेरची कारवाई यांवरही ठपका ठेवला. दोन्ही बाजू आपापला अर्धाच निष्कर्ष सांगत फिरतात. २६ ऑगस्टला रशियाने दोन्ही प्रदेशांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. मोजक्याच देशांनी रशियाची री ओढली. जॉर्जियाची सुमारे २० टक्के भूमी त्याच्या हाताबाहेर राहिली.

तेव्हा युरोपने फारशी किंमत मागितली नाही. रशियातून जर्मनीकडे जाणारी नवी गॅसवाहिनीही थांबली नाही. २०१४ मध्ये युक्रेनचा क्रिमिया रशियाच्या ताब्यात गेला.

जॉर्जियात युद्ध कुंपणाच्या रूपाने चालूच राहिलं. गोरीजवळच्या खुर्वालेतीत रशियन सैनिकांनी काटेरी तारा ओढल्या आणि एका वृद्धाचं घर पलीकडे गेलं. नातेवाइकांनी तारेवरून औषधं आणि पाव द्यायचा. तिबिलिसीचं सरकार आज मॉस्कोशी जुळवून घेतं; नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने युरोपीय संघाशी सदस्यत्वाची बोलणी २०२८ अखेरपर्यंत बाजूला ठेवली, आणि रस्त्यावर लोक उतरले. तिबिलिसीहून गोरीकडे जाताना महामार्गालगत त्सेरोवानीची बैठी, एकसारखी घरं दिसतात. २००८ च्या शरद ऋतूत दक्षिण ओसेतियातल्या आखालगोरीहून पळून आलेल्यांसाठी ती घाईघाईने बांधली होती. त्यांतली बरीच माणसं अजून तिथेच राहतात.