हळदीच्या पेवांवर उभी राहिलेली सांगली

हळदीच्या सौद्यांमुळे देशभर ओळखली जाणारी सांगली सव्वादोनशे वर्षांपूर्वी कृष्णाकाठचे एक लहान गाव होती. त्या काळात या भागात नाव होते ते शेजारच्या मिरजेचे. मिरज जहागिरीवरून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन आणि त्यांचे चुलते गंगाधरराव यांच्यात वाद झाला, वाटणी झाली आणि १८०१ च्या सुमारास चिंतामणरावांनी सांगलीला आपली राजधानी केली. त्यांनी गणेशदुर्ग हा भुईकोट किल्ला उभारला आणि नदीकाठी काळ्या दगडातील गणपती मंदिराचे काम हाती घेतले. देवळापाठोपाठ पेठ आली. गणपती पेठ आणि वखार भाग ही नावे आजही सांगतात की हे शहर वसले तेच देवाच्या आणि व्यापाराच्या आधाराने.

सांगलीला हळदीची बाजारपेठ केले ते हरिपूरच्या मातीने, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते. हळद आसपासच्या शिवारांत पिकत होतीच, पण हळद पिकवणारी गावे दक्षिणेत इतरत्रही पुष्कळ आहेत. सांगलीजवळच्या हरिपुरात मात्र जमीनच कोठाराचे काम करत असे. तिथली माती घट्ट आणि चिकट असल्यामुळे तीत खोदलेला खड्डा ढासळत नाही. हे खड्डे म्हणजेच पेवे. तोंड एक माणूस उतरेल एवढेच, पोट मात्र रांजणासारखे रुंद, आणि खोली माणसाच्या उंचीच्या तिप्पट-चौपट. तळाला व कडेने उसाचा पाला पसरून आत हळद भरत आणि तोंड बंद करून वरून मातीने लिंपून टाकत. हवा आणि ओल पोहोचत नसल्याने हळकुंडाला कीड लागत नसे आणि त्याचा रंग वर्षानुवर्षे टिकत असे. पेव उघडताना घाई चालत नसे. आत कोंडलेली हवा जिवावर बेतू शकते, म्हणून तोंड उघडून बराच वेळ थांबावे लागे, खाली दिवा सोडून तो तेवत राहतो का हे पाहिले जाई आणि मगच हमाल आत उतरत. हे काम करणाऱ्या माणसांचे कसब शहराच्या इतिहासात फारसे नोंदले गेले नाही, ही गोष्ट मनाला लागते.

माल टिकतो म्हटल्यावर तो भाव येईपर्यंत थांबवता येतो, आणि थांबवता येतो म्हटल्यावर पुढच्या महिन्यांचे व्यवहारही आज करता येतात. सांगलीत हळदीचा वायदेबाजार रुजला तो या सोयीमुळे. पेवातील माल जागचा न हलता केवळ पावतीवर एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाऊ लागला. कर्नाटक-आंध्राकडील हळदही विक्रीसाठी इथे येऊ लागली. सौद्याच्या वेळी जाणकार अडत्या आजही हळकुंड मोडून पाहतो. मोडतानाचा आवाज आणि आतला रंग यांवरून त्याला माल समजतो. गूळ आणि बेदाणा हे या बाजारातील इतर मोठे जिन्नस. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

व्यापारी शहराची दुसरी ओळख नाटकाची आहे. कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे खेळ पाहून चिंतामणरावांनी विष्णुदास भावे यांना मराठीत तसे काही करायला सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सांगलीत सादर झाले. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्याच प्रयोगाची आठवण ठेवतो. गणेशदुर्गाचा इतिहास वेगळ्याच कारणाने लक्षात राहतो. तिथल्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पलायन केले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांना हौतात्म्य आले आणि दादांना गोळी लागली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा तयार झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगलीचे नाव मिळाले.

पाहुण्याने गणपती मंदिर, राजवाड्याचा परिसर आणि १९२९ चा आयर्विन पूल पाहावा, मिरजेत मीरासाहेबांचा दर्गा आणि तंतुवाद्ये घडवणाऱ्या कारागिरांची दुकाने पाहावीत. आयर्विन पुलाकडे मात्र केवळ जुने बांधकाम म्हणून पाहू नये. कृष्णेची पातळी इथेच मोजली जाते आणि पावसाळ्यात सारे शहर या पुलावरच्या फुटांच्या आकड्याकडे डोळे लावून बसते. ऑगस्ट २०१९ मध्ये तो आकडा ५७ फुटांच्या वर गेला होता.

त्याआधी २००५ च्या महापुराने हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि साठवलेली हळद नासली. त्यानंतर व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. हळदीला मानांकन मिळवून देताना पेवांतील साठवणूक हा महत्त्वाचा मुद्दा ठरला, पण तोपर्यंत बहुतेक पेवे रिकामी पडली होती. सांगलीहून हरिपूरला जाणारा रस्ता कृष्णा-वारणेच्या संगमावरील संगमेश्वराच्या देवळापाशी पोहोचतो, आणि श्रावणी सोमवारी तिथे गर्दी लोटते. ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. देवळाला जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते की, ज्या जमिनीवरून आपण चालतो आहोत तिच्या पोटात एकेकाळी सांगलीची पुंजी ठेवलेली असे.