दुबईत टॅक्स नाही, म्हणून सगळा पगार शिल्लक पडतो का?

‘दुबईत टॅक्स नाही, पगार जसाच्या तसा हातात राहतो,’ असं कोकणातल्या कितीतरी घरांत आजही सांगतात. यातलं अर्धंच खरं आहे. पगारावर प्राप्तिकर नाही; पण १ जानेवारी २०१८ पासून बहुतेक खरेदीवर ५ टक्के व्हॅट आहे. भाडेकरूला वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के पालिका शुल्क वीज-पाण्याच्या बिलातून द्यावं लागतं. भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच घरमालकाच्या हातात. मुलांच्या खासगी शाळेची फी वेगळीच.

पेन्शन नाही. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते: पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा पगार, पुढे ३० दिवसांचा. पण तो मूळ पगार. घरभाडं, प्रवास असे भत्ते त्यात धरत नाहीत.

बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. ती गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर बिऱ्हाड आवरायचं. मला पैशांच्या ओढाताणीपेक्षा ही टांगती तलवार जास्त जाचक वाटते.

सुखंही खरी आहेत. मुंबई विमानाने जेमतेम तीन तासांवर आहे. बर दुबईच्या दुकानांत गणपतीच्या दिवसांत मोदकाचं पीठ मिळतं, आणि रात्री उशिरा कामावरून सुटलेली बाई एकटी, निर्धास्त घरी येते.